‘कृपया वैध ईमेल पत्ता टाका’: एका वाक्याची समीक्षा

मराठी संकेतस्थळांवर, मराठी ॲपमध्ये, ऑनलाइन अर्जांत एक वाक्य लाल अक्षरांत वारंवार भेटतं: ‘कृपया वैध ईमेल पत्ता टाका.’ व्याकरण बरोबर आहे. सूर नम्र आहे, सुरुवातीला ‘कृपया’सुद्धा आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमच्या धंद्यात या वाक्याकडे वाक्य म्हणून कोणी बघत नाही. ते भाषांतराच्या फाइलमधली एक ओळ असते. इंग्रजी ओळीसमोर मराठी ओळ भरली की काम संपलं. इथे मात्र मी ते वाक्य म्हणून वाचणार आहे. कारण देवनागरी पत्त्यासमोर आलं की हे वाक्य खोटं बोलतं, आणि इंटरनेटवर मराठीला नेमकी किती जागा आहे ते त्या खोट्यातून कळतं.

तुम्हीही करून बघा. ईमेलच्या रकान्यात देवनागरीत नाव लिहा, मग @, मग देवनागरीत गावाचं किंवा दुकानाचं नाव, मग टिंब आणि शेवटी ‘भारत’. बहुतेक वेळा लाल ओळ हजर होईल. पान मराठीत असतं, बटणावर ‘पुढे जा’ लिहिलेलं असतं, वरच्या रकान्यात तुमचं नाव देवनागरीत मुकाट घेतलेलं असतं. फक्त पत्ता मराठीत दिला की तो ‘अवैध’ ठरतो, आणि तसं सांगणारं वाक्य शुद्ध मराठीत असतं.

तो पत्ता खरंच अवैध असतो का? नाही. देवनागरीसह जगातल्या कुठल्याही लिपीत ईमेल पत्ता कसा लिहायचा, कसा पाठवायचा, याचं तांत्रिक मानक फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे ज्या नियमांनी इंटरनेट चालतं, त्या नियमांनुसार तो पत्ता एक तपाहून जास्त काळ वैध आहे. मग हा फॉर्म कोणाच्या नियमाने बोलतो? ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

संगणकाच्या ज्या अक्षरसंचावर हे सगळं उभं राहिलं, तो ‘आस्की’ १९६३ चा. त्यात १२८ जागा. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा एवढंच त्यात मावतं. ईमेल पाठवायचे नियम १९८२ मध्ये लिहिले गेले आणि संकेतस्थळांना नावं देणारी व्यवस्था १९८३ मध्ये ठरली. दोन्ही याच संचावर. संकेतस्थळाच्या नावात रोमन अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ, एवढंच चालायचं. हे कोणी मराठीचा द्वेष म्हणून केलं नव्हतं. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांतली आणि प्रयोगशाळांतली यंत्रं एकमेकांना जोडायची होती, त्यांच्यापुरतं ते पुरेसं होतं. पण तात्पुरती सोय सगळ्या जगाचा पाया झाली आणि पाया बदलणं घर बदलण्याहून अवघड असतं.

म्हणून पाया न बदलता एक युक्ती केली गेली, तिचं नाव पनीकोड. २००३ मध्ये ती मानक म्हणून आली. तुम्ही देवनागरीत नाव लिहायचं. ब्राउझर पडद्यामागे त्याचं रोमन अक्षरांच्या आणि आकड्यांच्या एका विचित्र साखळीत रूपांतर करतो आणि जुनी व्यवस्था ती साखळी बिनतक्रार वाचते. ‘भारत’ हे नाव यंत्राच्या वहीत ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असं आहे. माणसाला ते दिसायची गरज नाही. २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांची नावं अरबी लिपीत इंटरनेटवर आली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी ‘.भारत’ सुरू झालं. हिंदी, मराठी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी या आठ भाषांसाठी ते एकत्र आहे. मालवणी बोलणाऱ्याच्या दोन्ही बाजूच्या भाषा, मराठी आणि कोकणी, त्या आठात आहेत.

ही युक्ती आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्याकडे पिनकोड आला. तो आणणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. अडचण तीच होती: एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, चुकलेली स्पेलिंगं. त्यावर टपाल खात्याने ‘यापुढे सगळ्यांनी इंग्रजीतच पत्ता लिहा’ असा हुकूम काढला नाही. पत्ता तुमच्या भाषेत राहू द्या, खाली सहा आकडे लिहा. पत्रांची वाटणी आकड्यांवरून होईल, एवढंच सांगितलं. ‘मु. तोंडवली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग’ असं मराठीत लिहिलेलं पाकीट दिल्लीहूनही बिनबोभाट पोचतं. नाव माणसासाठी, आकडा व्यवस्थेसाठी. पनीकोड म्हणजे इंटरनेटचा पिनकोडच, फक्त तो तुमच्या वतीने ब्राउझर लिहितो.

ईमेलचं प्रकरण याहून अवघड आहे. पत्त्यात @च्या उजवीकडचं नाव पनीकोडमध्ये बदलता येतं. डावीकडचं येत नाही, कारण त्या भागाचा अर्थ लावायचा अधिकार फक्त टपाल घेणाऱ्या यंत्राला असतो; वाटेत कोणी तो बदलायचा नाही, असा जुना दंडक आहे. त्यामुळे डावीकडे ‘सायली’ असं लिहिलं तर पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत साखळीतल्या प्रत्येक यंत्राला देवनागरी कळावी लागते. एक जरी कच्चं निघालं तर पत्र परत येतं. २०१२ च्या मानकाने नेमकं हेच सोडवलं. २०१४ मध्ये जीमेल अशा पत्त्यांवर पत्र पाठवू आणि अशा पत्त्यांवरून घेऊ लागलं. २०१७ मध्ये राजस्थान सरकारने नागरिकांना ‘राजस्थान.भारत’वर हिंदीतून ईमेल खाती द्यायला सुरुवात केली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने १५ भारतीय भाषांतल्या ईमेल पत्त्यांना आपली दारं उघडली. मुख्य रस्ते तयार झाले. गाडी अडते ती शेवटच्या फाटकाशी, म्हणजे फॉर्मशी.

फॉर्मच्या आत एक छोटा नियम बसलेला असतो. @च्या आधी ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतची अक्षरं, आकडे, काही चिन्हं, @नंतर तसंच काहीतरी, मग टिंब, मग दोन ते चार अक्षरं. हा नियम एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात, एका उत्तरातून दुसऱ्या उत्तरात चिकटवला जातो. तो कोणत्या वर्षीचा, कोणत्या मानकाचा, हे क्वचितच कोणी विचारतं. खुद्द वेबपानांच्या मानकात ईमेलच्या रकान्यासाठी दिलेला साचा वर्षानुवर्षे @च्या डावीकडे फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं मान्य करत आला. आणि हा निव्वळ लिपीचा प्रश्नही नाही. २००१ मध्ये ‘.इन्फो’ आणि ‘.म्युझियम’ ही नवी नावं आली, तेव्हा शेवटी तीनच अक्षरं असतात असं धरून बसलेल्या फॉर्मांनी अस्सल इंग्रजी पत्तेही परत पाठवले होते. जग बदललं तरी साचा बदलत नाही, तेव्हा साच्याला जगच चुकीचं वाटतं.

इथे ‘वैध’ या शब्दाकडे परत येतो. वैध म्हणजे विधीला, नियमाला धरून. फॉर्मला खरं तर म्हणायचं असतं, ‘मला हा पत्ता वाचता येत नाही.’ तो म्हणतो, ‘तुझा पत्ता नियमात बसत नाही.’ असमर्थता यंत्राची, दोष माणसाचा. इंग्रजी वाक्यातही हीच लबाडी आहे, पण मराठीत ती जास्त बोचते. ‘वैध’, ‘अवैध’ हे आपल्याकडे कचेरीतले शब्द आहेत: अवैध बांधकाम, अवैध वाळू उपसा, अवैध दारू. त्या रांगेत तुमचं स्वतःच्या लिपीतलं नाव जाऊन बसतं.

आता हे तोंडवलीत आणून बघू. मालवण तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. आचऱ्याच्या दक्षिणेला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी; तळाशीलकडे जाताना मधली जमीन अरुंद होत जाते. माझ्या मावशीच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. कोणत्या तरी पोर्टलवर नोंद करताना तिने गावाच्या नावाचा देवनागरी ईमेल पत्ता भरला आणि लाल ओळ आली. ती म्हणाली, “गावाचा नाव लिवलंय, तेच्यात चुकीचा काय आसा?” मी तिला पनीकोड समजावू शकलो असतो. पण तिचा प्रश्न तंत्राचा नव्हता, न्यायाचा होता. आणि तिचंच बरोबर होतं.

कारण रोमनमध्ये तोंडवली लिहायला बसा. ‘ड’नंतर ‘ए’ घालायचा की नाही? ‘व’साठी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’? नुसत्या या तीन प्रश्नांतून आठ स्पेलिंगं होतात. आणि आठांपैकी एकातही ‘तोंड’ आणि ‘टोंड’ यांतला फरक दिसत नाही. पर्यटक फोनवर विचारतो, ‘स्पेलिंग सांगा’, तेव्हा गावातला माणूस स्वतःच्या गावाचं नाव दुसऱ्याच्या लिपीत अंदाजाने उच्चारतो. तुमच्या आडनावांचंही तेच. ‘काळे’ आणि ‘काले’ ईमेलमध्ये एकच होतात. ‘ळ’ला रोमनमध्ये घर नाही. आपल्या पिढीने नावामागे जन्मसाल लावून ईमेल खाती उघडली, तेव्हा ही तडजोड इतकी लवकर झाली की ती तडजोड वाटलीच नाही.

पण देवनागरीत आलं की सगळं सरळ होईल, असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. ‘.भारत’बद्दल बोलताना अभिमानाच्या भरात हा भाग गाळला जातो. वायंगणी-तोंडवलीच्या परिसरातल्या ‘सी वर्ल्ड’ प्रकल्पाच्या बातम्या आठवत असतील तर हेही आठवेल की वर्तमानपत्रांत गावाचं नाव कधी ‘तोंडवली’ तर कधी ‘तोंडवळी’ असं छापून यायचं. पोस्टमन दोन्ही चालवून घेतो. इंटरनेट घेत नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं आहेत, दोन वेगळे मालक असू शकतील अशी. ‘सिंधुदुर्ग’मध्ये ‘धु’ ऱ्हस्व की दीर्घ, हा प्रश्न शाळेत अर्ध्या गुणाचा होता. इथे तो वेगळ्या दाराचा आहे.

याहून पेच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. मराठीला हा अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी लिहावा लागतो, एकदा डोक्यावरचा रफार आणि एकदा पुढच्या अक्षराला चिकटलेली वळणदार रेघ. संगणकात ही रेघ दोन मार्गांनी निघते. एका मार्गात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींतून ‘दऱ्या’च दिसतं, पण यंत्राला ती वेगळी नावं वाटतात. त्यातही २००३ च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह सरळ पुसून टाकलं जायचं. ते पुसलं की उरतो साधा ‘र’ आणि हलन्त, म्हणजे रफार. डोंगरातल्या दऱ्यांचा पत्ता लिहायचा आणि पोचायचं दर्याकिनारी! २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर ते चिन्ह ठेवायला परवानगी दिली, पण क्रोम ब्राउझर जुनी सवय सोडून या बाबतीत पूर्णपणे नव्या नियमांवर आला तो २०२३ मध्ये.

‘ॲ’चं तसंच. मराठीतलं हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र ठेवून ते लिहीत होते, आजही अनेक जण लिहितात. दिसायला सारखं, आत वेगळं. म्हणजे ‘ॲप’ या साध्या शब्दाचेही दोन पत्ते. शिवाय ‘.भारत’च्या जोडीने परदेशी कंपन्यांनी आणि संस्थांनी देवनागरीत जी नावं आणली, त्यांत एक ‘.संगठन’ आहे. मराठी माणूस ‘संघटना’ म्हणतो. देवनागरी म्हणजे हिंदी, असं धरून चाललेल्या व्यवस्थेत मराठीच्या वाट्याला सवलत येते, पण लक्ष येत नाही. पापणीच्या केसासारख्या त्या ‘र’ची काळजी मराठी माणसांनीच घ्यायला हवी, कारण ती दुसऱ्या कोणाची अडचणच नाही.

या गुंत्याकडे बोट दाखवून काही जण म्हणतात, ‘म्हणूनच रोमन बरं, निदान फसवणूक तरी होत नाही.’ हा आक्षेप गंभीर आहे. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन वळणाच्या लिपीतली, दिसायला हुबेहूब रोमन अशी अक्षरं जुळवून ‘ॲपल’चा तोतया पत्ता बनवून दाखवला होता. पण याच आक्षेपाची दुसरी बाजू बघा. पान खरं की तोतया, हे ठरवायची जागा म्हणजे वरची पत्त्याची पट्टी. ज्याला फक्त देवनागरी वाचता येते त्याला आपण सांगतो, ‘बँकेचा पत्ता नीट वाचून मगच पैसे भरा.’ तो पत्ता असतो रोमनमध्ये. म्हणजे कुलूप दाखवायचं, पण ओळखायची किल्ली द्यायची नाही. तोतया नावं रोखायचे उपाय आहेत: एका नावात दोन लिप्या मिसळू न देणं, सारखी दिसणारी नावं एकाच मालकाला देणं. न वाचता येणाऱ्या पत्त्यावर मात्र एकच उपाय, वाचता येणारा पत्ता.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. तोंडवलीत ईमेल कोण बघतं? पाहुणे येतात ते फोनवर बोलून, व्हॉट्सॲपवर खोलीचे फोटो बघून, नकाशावरच्या खुणेमागे गाडी चालवत. मोबाइल नंबरला लिपी नसते. दहा आकडे सगळ्यांना वाचता येतात. मराठी पत्ता येईपर्यंत गाव पुढे निघून गेलं, असं म्हणता येईल. यात तथ्य आहे. पण नंबर म्हणजे नाव नव्हे. आणि त्या सगळ्या सोयींत तुमच्या घराची नोंद दुसऱ्याच्या वहीत असते. वहीवाल्याने पान फाडलं की घर दिसेनासं होतं. स्वतःचा पत्ता म्हणजे स्वतःची वही. शिवाय नोकरी, बँक, परीक्षा, सरकारी योजना या सगळ्यांचे फॉर्म आजही ईमेल मागतात. मागणी नाही म्हणून फॉर्म सुधारत नाहीत आणि फॉर्म घेत नाहीत म्हणून मागणी येत नाही. जो पत्ता दहापैकी नऊ ठिकाणी परत येणार, तो कोण वापरेल? ही नावड नाही, व्यवहारज्ञान आहे. कोणाला रोमन पत्ताही हवा असेल तर तोही ठेवावा. तमिळनाडूहून येणाऱ्या पाहुण्याला तो लागेलच. एका पेटीला दोन नावं देता येतात.

यात महाराष्ट्राचा दोष वेगळा आहे. २०२२ मध्ये दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पाटीवरची देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षरांच्या उंचीवर न्यायालयापर्यंत वाद गेला. तो व्हायला हवा होता, असं माझं मत आहे. पण त्याच दुकानाचा पत्ता, ईमेल आणि त्या पत्त्याला नकार देणारा फॉर्म यावर आपण बोलत नाही. पाटी रस्त्यावरून दिसते, म्हणून तिच्यावर मोर्चा निघतो. फॉर्मचा नियम दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या लोकांचं नाव कुठल्याही अर्जात त्यांच्या लिपीत चालावं, ही मागणी पाटीच्या मागणीपेक्षा लहान नाही. आणि तिला खर्चही कमी आहे. बहुतेक ठिकाणी एक जुना नियम काढून नवा बसवायचा असतो, मग साठवण आणि पत्र पाठवणारी यंत्रणा तपासायची असते. सुरुवात सरकारने स्वतःच्या फॉर्मांपासून करावी. जे सरकार मराठीत अर्ज मागतं, त्याने मराठीत पत्ता घेतला पाहिजे.

तोवर निदान ते वाक्य तरी बदलता येईल. देवनागरी पत्ता घेता येत नसेल तर फॉर्मने तसं सांगावं: ‘आमची यंत्रणा देवनागरी ईमेल पत्ता अजून घेऊ शकत नाही.’ यात ‘कृपया’ नाही, तरी हे वाक्य जास्त सभ्य आहे. ते खरं आहे, आणि कमतरता जिथे आहे तिथेच ठेवतं. ‘अजून’ या शब्दामुळे ती दूर करायची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. तुमच्यापैकी जे कोड लिहितात, त्यांच्या हातात हा बदल आहे. जे लिहीत नाहीत, त्यांनी पुढच्या वेळी लाल ओळ दिसली की मागे जाऊन रोमनमध्ये टाइप करण्याआधी एक मिनिट थांबावं, तक्रारीच्या रकान्यात जावं आणि माझ्या मावशीचा प्रश्न जसाच्या तसा विचारावा. तो रकाना बहुतेक वेळा देवनागरी घेतो.